आपा आता भांडत नाहीत

भांडायला माणूस लागतं. नुसतं आपलं तोंड चालून भागत नाही, समोर तितक्याच तयारीचं दुसरं तोंड लागतं. माझ्या नशिबात ते तोंड होतं. मंठ्याच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलाच्या पलीकडे ते बसायचं आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली की सुरू व्हायचं.

आमच्या एकाच आवारात दोन शाळा होत्या, मराठी माध्यमाची आणि उर्दू माध्यमाची. शिक्षकांच्या खोल्याही दोन होत्या, पण एकीचे पत्रे वावधानात उडाले आणि नवे काही आले नाहीत. मंजुरी आलीय, मंजुरी आलीय, असं आम्ही निवृत्त होईपर्यंत ऐकत होतो. त्या उडालेल्या पत्र्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. मी मराठीकडे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे, आपा उर्दूकडे तेच शिकवायच्या. त्या वयाने जराशा मोठ्या, म्हणून सगळ्यांच्या आपा. मला त्या बाई म्हणायच्या, शाळेत असतो तोवर आणि नंतरही.

माझा मराठी पेपर सकाळच्या एसटीने यायचा. त्यांचा उर्दू पेपर हैदराबादहून यायचा, तो एक दिवस शिळा असायचा. मी त्यावरून त्यांना छेडायचे. "आपा, कालचं जग वाचून राह्यल्या का?" त्या चष्म्यावरून बघायच्या. "वाचू द्या बाई. तुमचं आजचं तरी कुठं खरं आहे?"

पहिलं भांडण मला चांगलं आठवतं. मी डबा सोडून पेपरात डोकं घातलं होतं. आपांनी विचारलं, "बाई, बलुचिस्तानात फौजेवर गोळ्या झाडल्या त्या लोकांना तुमचा पेपर काय म्हणून राह्यला?"

मी बघून सांगितलं, "बंडखोर."

"आणि काश्मिरातल्यांना?"

"अतिरेकी. मंग काय म्हणायचं?"

"दोघांच्या हातात बंदूकच ना?"

माझं डोकं सणकलं. मी भाकरीचा तुकडा डब्यात टाकला. "आपा, एक आपल्यावर झाडतो, एक न्हाई झाडत. एवढा फरक पुरे न्हाई का?"

"तेच तर म्हणते मी," आपा म्हणाल्या. "तुमचा पेपर बंदूक बघत न्हाई, तिचं तोंड कुणाकडं आहे ते बघतो."

मी म्हटलं, थांबा आता. त्यांचा पेपर ओढून घेतला. मला अक्षर ओळखू येत नव्हतं, म्हणून बातमीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, वाचा, आणि काही गाळू नका. त्यांनी वाचलं. काश्मिरातल्या त्याच लोकांना त्यांच्या पेपरात 'जंगजू' म्हटलं होतं, म्हणजे लढणारे. मी विचारलं, "आणि मेलेला शिपाई कुठंय यात?" त्यांनी शोधलं. वर न्हाई, मधी न्हाई. शेवटच्या ओळीत सापडला, गावाशिवाय, नावाशिवाय. आपांनी तो पेपर घडी करून बाजूला ठेवला. "ये गलत है," त्या हळूच म्हणाल्या. "हे बिलकुल चूक आहे."

त्यांनी सारवासारव केली नाही. आमचे लोक असे, तुमचे लोक तसे, असं एक अक्षर काढलं नाही. मी त्या दिवशी त्या बाईच्या प्रेमात पडले म्हणा ना.

मंग रोजचंच झालं. आम्ही दोघी मास्तरणी, आमची अक्कल प्रश्नपत्रिकेबाहेर कुठे जाणार! आम्ही एक खेळ काढला आणि त्याला नाव दिलं 'रिकामी जागा'. एकीने बातमी वाचायची आणि बंदूकवाल्या माणसांसाठी वापरलेला शब्द तेवढा गाळायचा. बातमी कुठल्या पेपरातली ते सांगायचं आणि दुसरीने जागा भरायची. नियम एकच होता: आपल्याला काय वाटतं ते सांगायचं नाही, तो पेपर काय लिहील ते सांगायचं. आमचे दोन पेपर पुरेनात तेव्हा आम्ही मनानेच पेपर बनवायला लागलो. हीच बातमी इस्लामाबादच्या पेपरात असती तर? कोलंबोच्या? ढाक्याच्या? श्रीलंकेच्या उत्तरेकडची तमिळ पोरं मद्रासला कोण आणि कोलंबोला कोण? आसामातली माणसं दिल्लीला कोण आणि त्यांच्या स्वतःच्या गावाला कोण? आपा फार पटकन भरायच्या. मी चुकले की त्या लाल पेनाने टेबलावर हवेतच फुली मारायच्या.

खेळ संपला की खरी लढाई. मी म्हणायचे, शब्द कसलाही लावा, मेलेल्याला काय त्याचं? निष्पाप माणूस मारणारा तो अतिरेकी, मग तो कुठलाही असो, विषय संपला. आपा म्हणायच्या, विषय तिथं सुरू होतो बाई. आपला मेला की त्याची आई छापतात, अंगण छापतात. दुसऱ्याचा मेला की नुसता आकडा छापतात. मग वाचणाऱ्याला दुसऱ्याकडं माणसं राहतात हेच कळत न्हाई. मी म्हणायचे, तुमचा पेपर काय वेगळं करतो? त्या म्हणायच्या, काहीच न्हाई करत, म्हणून तर दोन्ही वाचायचे. गडचिरोलीची बातमी आली की मात्र आम्ही दोघी गप्प व्हायचो. ती दोन्ही पेपरांत आतल्या पानावर असायची. शिपाईही आतल्या पानावर आणि आदिवासीही आतल्या पानावर. "हे कुणाचेच न्हाईत वाटतं," आपा म्हणायच्या.

आमचा आवाज पार व्हरांड्यात जायचा. पी.टी.चे सर दारात येऊन म्हणायचे, "झालं का सुरू भारत-पाकिस्तान?" त्यावर आम्ही दोघी मिळून त्यांच्यावर तुटून पडायचो. दोघी भारतच आहोत, कळलं का, असं आपा त्यांना ठणकावायच्या आणि पुन्हा माझ्याकडे वळायच्या.

एकदा मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. माझा धाकटा भाऊ निमलष्करी दलात होता आणि तेव्हा त्याची बदली काश्मिरात झाली होती. मी कुणाला फारसं सांगितलं नव्हतं, आपांना तेवढं ठाऊक होतं. त्या दिवशी मी पेपरवाल्यांची बाजू घेऊन तावातावाने बोलत होते, आणि आपा एकदम म्हणाल्या, "बाई, तुम्ही हल्ली बातमी वाचतच न्हाई. तुम्ही भावाला शोधून राह्यल्या त्यात."

मला असा राग आला! डबा उचलला, उठले, आणि वर्गात जाऊन एकटी जेवले. दुसऱ्या दिवशीही एकटी जेवले. घरी आईसुद्धा असं बोलली नसती मला. वाईट याचं वाटत होतं की त्या म्हणाल्या ते खरं होतं. मी पेपर उघडला की आधी त्याच्या भागाचं नाव शोधायचे, ते दिसलं नाही की श्वास सोडायचे आणि मंग कुठे वाद घालायला मोकळी व्हायचे.

तिसऱ्या दिवशी मी खोलीत आले. आपा आधीच येऊन बसलेल्या. त्यांच्यापुढे त्यांचा पेपर उघडा होता आणि माझाही. "दोन्ही बघितले," त्या म्हणाल्या. "आज त्या भागात काही न्हाई. बसा. खिचडी-खट्टा आणलाय." त्यानंतर भावाची तिथून बदली होईपर्यंत रोज हाच क्रम होता. आधी त्या दोन्ही पेपर बघून 'आज काही न्हाई' सांगायच्या आणि मंग भांडायला घ्यायच्या. माझ्या सख्ख्या माणसांनी माझी इतकी काळजी केली नाही. आणि वादात मला एक इंचसुद्धा सोडलं नाही त्यांनी, ही गंमत.

निवृत्तीनंतर आपा जालन्याला मुलाकडे राहायला गेल्या. मुलाचं तिथं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. खेड्यापाड्यांतून शेतकरी जळालेल्या पाणबुडी मोटारी घेऊन येतात, पार भोकरदनकडच्या धावडा गावचे लोकही येतात. दुकानाच्या मागेच घर. मी मंठ्यातच राहिले, पण गुडघ्याच्या डॉक्टरचं निमित्त करून जालन्याला जायचे. डॉक्टर माझ्या गुडघ्याला इतक्यांदा का बघतो, असं घरच्यांना वाटायचं. मी एसटीतून उतरायचे आणि थेट आपांच्या बैठकीत जाऊन बसायचे. आता पेपरच्या जोडीला टीव्ही आला होता. टीव्हीवर आठ-आठ माणसं एकदम ओरडायची. आपा म्हणायच्या, "हे भांडत न्हाईत बाई. भांडणाऱ्याला समोरच्याचं ऐकावं लागतं." आणि आवाज बंद करून आम्ही आमचं भांडण सुरू करायचो.

मंग शाळेच्या जुन्या शिक्षकांचा मेळावा झाला. जेवणं झाली, गाणी झाली, आणि कुणीतरी म्हणालं, अहो, त्या दोघींचा तो खेळ होऊ द्या! आम्ही लाजलो, पण आतून खूश झालो. पुढे जाऊन बसलो. मी आपांना विचारलं, "काश्मिरात जवानांवर गोळीबार केला त्यांना इस्लामाबादचा पेपर काय म्हणेल?" आपा तशाच तडफेने म्हणाल्या, "मुजाहिद!" बरोबर उत्तर. टाळ्या पडल्या. त्यांनी मला विचारलं, "बलुचिस्तानात फौजेची गाडी उडवली त्यांना आपला टीव्ही काय म्हणेल?" मी म्हटलं, "स्वातंत्र्यवीर!" पुन्हा टाळ्या. आपा हसून हसून डोळे पुसत होत्या. इतक्या सुंदर दिसत होत्या त्या दिवशी, हिरव्या साडीत.

कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं. वाईट हेतू मुळीच नव्हता, खाली लिहिलं होतं, 'आमच्या आपांचा हजरजबाबीपणा'. पण फोन खिशातून काढेपर्यंत माझा पहिला प्रश्न होऊन गेला होता. त्या व्हिडिओत आपा हात उंचावून 'मुजाहिद' म्हणतात तिथून सुरुवात होते. ग्रुपवर सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. बरेच दिवस काही झालं नाही.

पुढे उत्तरेकडे पुन्हा एक हल्ला झाला. माणसं मेली, रोज टीव्हीवर तेच. माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता. आणि त्याच दिवसांत तो व्हिडिओ कुठून कसा बाहेर पडला कोण जाणे, जालन्याच्या गल्लीगल्लीतल्या फोनवर पोचला. आता त्याच्याखाली दुसरंच काहीतरी लिहिलेलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही.

माणसं दुकानावर आली. मारझोड झाली नाही, शिव्या नाहीत. "नुसतं विचारायला आलोत" म्हणाले. तुमची आई शाळेत हेच शिकवत होती का, असं विचारलं. काही गिऱ्हाइकांनी अर्ध्या दुरुस्त झालेल्या मोटारी परत नेल्या. शेवटी घरातल्यांनीच ठरवलं की आईनं माफी मागावी म्हणजे मिटेल. आपांचा दुसरा व्हिडिओ आला. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि कुणीतरी लिहून दिलेलं वाचत होत्या. वर्गात पोरांनी पुस्तकातली ओळ जरी नुसती वाचली तरी 'समजून वाच' म्हणून दटावणारी ही बाई, ती न समजल्यासारखं वाचत होती.

मी गप्प बसले नाही, बरं का. ग्रुपवर लांबलचक लिहिलं. नियम काय, प्रश्न काय होता, सगळं. शेवटी असंही लिहिलं की त्याच व्हिडिओत पुढे मीसुद्धा बंदूकवाल्यांना स्वातंत्र्यवीर म्हटलंय, मग माझ्या दारात 'नुसतं विचारायला' एकही माणूस का आला नाही? मला कुणी वाईट बोललं नाही. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. "तुम्ही कशाला मनाला लावून घेता बाई, तुमच्याबद्दल कुणाला शंका आहे?" असं एकाने लिहिलं. मला त्या वाक्याची अजून चीड येते.

ते मिटलं. मोटारी पुन्हा यायला लागल्या. मी जालन्याला गेले. आपांनी दार उघडलं, मिठी मारली, बसवलं. मी नेहमीसारखी सुरुवात केली, कुठल्याशा बातमीवर, मुद्दाम जरा जास्तच एकतर्फी बोलले. आपा म्हणाल्या, "हौ बाई. बराबर आहे तुमचं."

मला वाटलं दमल्या असतील. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. 'बराबर आहे.' त्याच्या पुढच्या खेपेलाही. उर्दू पेपर बंद केलेला. टीव्हीवर मालिका. आम्ही साखरेच्या गोळ्यांबद्दल बोललो, नातवाच्या दातांबद्दल बोललो, कैऱ्यांच्या भावाबद्दल बोललो. मी घरी येऊन नवऱ्याशी उगीच भांडले. तो बिचारा लगेच हरला, त्यात काय मजा?

कसं सांगू, मला त्यांची किती आठवण यायची, त्यांच्या समोर बसून! माणूस समोर आहे, चहा ओततंय, हसतंय, आणि तरी आपण त्याच माणसाला शोधतोय. सकाळी पेपर उघडला की मी अजूनही बातमी वाचता वाचता मनात म्हणते, आपा यावर काय म्हणतील? पूर्वी मला ते कळायचं. आता हळूहळू कळेनासं झालंय, आणि त्याची मला भीती वाटते.

मागल्या खेपेला मी हट्टालाच पेटले. आज यांच्याकडून एक तरी 'न्हाई' काढायचंच, म्हटलं. बसल्या बसल्या म्हणाले, "आपा, मला आता पटलंय. आपले सगळे पेपर अगदी खरं छापतात. टीव्हीवाले तर हरिश्चंद्राचे अवतार."

"हौ," आपा म्हणाल्या. "बराबर."

"आणि जगात बंदूक धरणारे सगळे एकाच जातीचे, एकाच धर्माचे!"

हे बोलताना माझीच जीभ जड झाली. आपांनी माझ्याकडे बघितलं. मंग साडीची घडी सारखी करत म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर असेल बाई."

माझा बांध फुटला. "मला शिव्या द्या आपा! घराबाहेर काढा! पण बराबर म्हणू नका. तुम्हाला काय झालंय? मी तुमची कोण आहे? मी ती दुकानावर आलेली माणसं आहे का?"

आपा उठल्या. दुकानाकडचं दार त्यांनी लावून घेतलं. परत येऊन माझ्याजवळ, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि दबक्या आवाजात बोलल्या. "बाई, तुम्ही भांडल्या तर तुम्ही एकट्या भांडता. मी भांडले की माझ्यामागं अख्खा मोहल्ला उभा करतात. पोराचं दुकान उभं करतात, नातू उभा करतात. मला एवढ्या लोकांना घेऊन भांडता येत न्हाई."

मी त्यांचा हात धरला. मंग त्या किंचित हसल्या, जुन्या आपांसारख्या. "पण तुम्हाला काय वाटलं, मी सोडलं? रोज भांडते मी तुमच्याशी. सकाळी उठले की मनात सुरू. आणि सांगू? रोज तुम्ही हरता."

"काय सांगता! कशावर हरले?"

"बऱ्याच गोष्टींवर."

"मंग समोर हरवा ना," मी म्हटलं. मला रडू आवरत नव्हतं. "एकदा हरवा आपा. मी मंठ्याहून हरायला येते एवढ्या लांब."

आपांनी डोळ्यांवरचा चष्मा सारखा केला. पाठ ताठ झाली. उजव्या हाताचं बोट वर आलं. मी पदर खोचून पुढे सरकले. "ऐका," त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी म्हणल्या ना, की पेपरवाले फक्त लोकांना जे पाहिजे तेच..."

दुकानाकडचं दार वाजलं. मुलगा आत आला, त्याच्यामागे एक गिऱ्हाईक प्यायला पाणी मागायला आलं होतं, पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा शेतकरी. भला माणूस, आम्हाला बघून त्याने हात जोडले. आपांचं बोट खाली गेलं.

"बराबर आहे बाई तुमचं," त्या मोठ्याने म्हणाल्या, त्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "बिलकुल बराबर आहे."

सून पाण्याचा तांब्या आणि चहाचे कप घेऊन आली. म्हाताऱ्याला पाणी देता देता कौतुकाने म्हणाली, "बघा ना काका, इतक्या वर्षांची मैत्री दोघींची, पण कधी शब्दाला शब्द न्हाई."

म्हातारा म्हणाला, "अशी मैत्री पाहिजे." आपांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "हो ना." आणि चहा घेतला.